मातेचे स्मरण कसे करावे?

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, लूक १०:३८-४२, योहान २१:९-१३)

मंडळीतील एखादी वृद्ध माता प्रभूमध्ये निजली, म्हणजे काही दिवसांनी तिच्या स्मरणार्थ उपासना होते. पाळकसाहेब बोलतात, वडीलजनांपैकी कोणी बोलतात, महिला मंडळातर्फे दोन शब्द सांगितले जातात. अशा उपासनांस आपण सर्वच जण जात असतो. तेथे दोन वाक्ये बहुधा चुकत नाहीत : "बाई फार प्रेमळ होत्या" आणि "त्यांच्या हाताला चव होती." दोन्ही वाक्ये खरी असतात व मनापासून बोलली जातात. तथापि वडिलांच्या स्मरणप्रसंगी आपण त्यांची नोकरी, त्यांनी बांधलेले घर, पंच कमिटीवरील त्यांची वर्षे, त्यांचे विचार हे सारे सांगतो. आणि आईविषयी मात्र तिच्या पुरणपोळीशी येऊन थांबतो. जिने आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे चुलीपुढे घालवली, जिला स्वयंपाकाची मनापासून आवड होती, तिचे स्मरण कसे करणे न्यायाचे होईल? हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटेल. पण आपल्या घरातील श्रमाचे मोल, आपल्या घरातील न्याय आणि आपला विश्वास ह्या तिन्हींचा त्याच्याशी संबंध आहे, म्हणून तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या कामाचा हिशेब तरी करू. दिवसाचे दोन स्वयंपाक धरले तर चाळीस वर्षांत ते २९,२०० वेळा होतात. सहा-सात माणसांच्या घरात दिवसाला वीस भाकऱ्या लागतात असे धरले, तर त्या दोन लाख ब्याण्णव हजार होतात. ज्यांनी भाकरी केली आहे त्यांस ठाऊक आहे की, तीत एकही पायरी गाळता येत नाही. पीठ ताजे हवे, पाणी कढत हवे. पीठ तळहाताने रगडून मळावयाचे, परातीत गोल थापावयाचे, चिरू न देता तव्यावर टाकावयाचे, वरून पाणी फिरवावयाचे, वेळेवर उलटावयाचे आणि शेवटी विस्तवाशी उभी करून फुगवावयाची. दोन लाखावी भाकरी झाली तरी पहिलीइतकेच लक्ष मागते. आणि एवढे करून मागे काय उरते? गवंड्याने बांधलेली भिंत पन्नास वर्षे उभी राहते. शिंप्याने शिवलेला सदरा दोन-चार वर्षे टिकतो. स्वयंपाक करणारीचे काम मात्र अर्ध्या तासात नाहीसे होते, आणि ताट रिकामे झाले म्हणजेच ते चांगले झाले असे समजतात. ज्या कामाची खूण मागे राहत नाही, ते करणारीचे स्मरण माणसांनाच जपावे लागते.

हे काम हलके आहे काय? पवित्र शास्त्र तसे मानीत नाही. शिमोनाची सासू तापाने पडली होती. प्रभूने तिला हाताला धरून उठविले आणि ती त्यांची सेवा करू लागली, असे मार्क पहिल्या अध्यायात सांगतो. येथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच मार्क १०:४५ मध्ये प्रभू स्वतःविषयी योजितो : आपण सेवा करून घ्यावयास आलो नसून सेवा करावयास आलो आहोत, असे तो शिष्यांस सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोज अन्न वाढण्याचा प्रश्न निघाला. तेथे अन्नाच्या वाटपाला आणि प्रेषितांच्या वचनाच्या सेवेला लूकने एकच शब्द वापरला आहे : दियाकोनिया. आपल्या मंडळ्यांतील 'डीकन' हे पद त्याच मुळाचे. म्हणजे व्यासपीठावरची सेवा आणि वाढपाची सेवा ह्यांच्या मध्ये जी पायरी आज आपण मानतो, ती शास्त्रात नाही.

ह्याहून मोठी साक्ष योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकले होते. पहाटे किनाऱ्यावर आले तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली आणि भाकर तयार, असे त्यांस दिसले. मरणावर जय मिळविलेल्या प्रभूने थकल्याभागल्या माणसांसाठी स्वतः न्याहारी सिद्ध केली व ती आपल्या हाताने त्यांस दिली. पेत्राला आपली मेंढरे चारण्याची आज्ञा त्याने केली ती ह्या न्याहारीनंतर. पोटात अन्न घातल्यावर मग काम सांगावे, हे तर प्रत्येक आईचे शहाणपण आहे!

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. स्वयंपाक हा आपोआप सद्‌गुण ठरत नाही. रिबकेने दोन करडांचे रुचकर पक्वान्न केले, इसहाकाला आवडत असे अगदी तसेच. आणि त्या ताटाच्या आडून एका मुलाचा आशीर्वाद दुसऱ्याला मिळवून दिला (उत्पत्ती २७). चवीत काही उणे नव्हते. ह्याच्या उलट सारफथच्या विधवेपाशी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल एवढेच होते. आपण व आपला मुलगा शेवटचे खाऊन मरावे, ह्या विचाराने ती काटक्या वेचीत होती. तिने आधी परक्या एलीयाला लहानशी भाकर करून दिली (१ राजे १७). तिच्या भाकरीच्या चवीविषयी शास्त्र एक अक्षर लिहीत नाही. तिने कोणाला दिली, एवढेच लिहिते.

तेव्हा आईच्या स्मरणात पहिला प्रश्न चवीचा नसावा. तिच्या ताटावर कोण कोण जेवले, हा असावा. आपल्या देशात ह्या प्रश्नाला फार मोठा अर्थ आहे. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, ह्यावर येथे शतकानुशतके माणसाची किंमत ठरली. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत होता आणि लोकांच्या भीतीने मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला (गलती २:११-१२). तोच पंक्तीचा झगडा आपल्या आज्यापणज्यांनी स्वयंपाकघरात सोसला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला; लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत सोवळ्याओवळ्याची ओढ व त्यातून हळूहळू झालेली सुटका ह्यांविषयी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त मोकळेपणाने लिहिले आहे. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते : सुवार्ता जितकी प्रवचनात ऐकली गेली, तितकीच ती पाण्याच्या घागरीपाशी आणि चुलीपाशी पारखली गेली. सर्वांस एका पंक्तीस बसवून वाढणारी पहिली आई हीसुद्धा आपल्या मंडळीची एक संस्थापक होय. तिचे नाव कोनशिलेवर नसते, एवढेच.

ईशान्येकडील मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून एक रीत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई शिजवावयाच्या तांदळातून एक मूठ प्रभूच्या कार्यासाठी बाजूला काढून ठेवते. रोख पैसा हाती नसलेल्या स्त्रियांनी ह्या मुठीमुठीने सुवार्ताकार्याला हातभार लावला आहे. स्वयंपाकघर हे मंडळीच्या बाहेर नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

बेळगावकडील एका मराठी मंडळीत अशीच एक माता होती. सारी मंडळी तिला मावशी म्हणे. घरची परिस्थिती बेताची, मुले पाच. तरी रविवारच्या उपासनेनंतर तिच्या घरी दोन-चार पाने अधिक असावयाचीच : बोर्डिंगातील घरापासून दूर असलेली मुले, बाहेरगावचे सुवार्तिक, नुकतीच बदली होऊन आलेले एखादे कुटुंब. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. नाताळ आला की शेजारच्या सर्व जातींच्या घरांतून करंज्यांची ताटे जावयाची. तिला स्वयंपाक मनापासून आवडत असे. वांगी निवडताना, मसाला भाजताना, जेवणाऱ्याचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत त्याच्याकडे पाहताना तिच्या मुद्रेवर जो आनंद दिसे, तो कोणी तिच्यावर लादलेला नव्हता. तिच्या स्मरणाच्या उपासनेत एकामागून एक माणसे उठली. एक शिक्षक म्हणाले, "मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर मावशींनी पेज पाठविली." एक विधवा म्हणाली, "घरातून काढले त्या दिवशी मी मावशींकडे जेवले." यापो येथे दुर्कस मेली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या, त्याची आठवण व्हावी असा तो प्रसंग होता. फरक एवढाच की, मावशीच्या लोकांपाशी हातात धरून दाखविण्यासारखे काही नव्हते. ते आपल्या शरीरातच घेऊन आले होते.

त्याच उपासनेत तिची थोरली मुलगी शेवटी बोलली. ती म्हणाली, "आईला काय खायला आवडायचं, हे आम्हां पाच भावंडांना आठवेना. आम्ही काल रात्री एकमेकांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही."

सभा स्तब्ध झाली. ह्या एका वाक्यात आमच्या मते सारा प्रश्न आहे.

"आई सर्वांना वाढून मग जेवत असे," हे आपण स्तुती म्हणून सांगतो. मागाहून जेवणे म्हणजे काय? भाजी संपली असेल तर चटणीशी जेवणे, मुलाने टाकलेला घास वाया जाऊ नये म्हणून आपण खाणे, पाहुणे अधिक आले तर पाणी पिऊन उठणे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. ह्याची कारणे अनेक आहेत, पण ताटात शेवटी काय उरते, हे त्यांतील एक आहे, हे घरोघरच्या स्त्रिया जाणतात. त्याच सुमारास, २०१९ साली, सरकारने देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, असे तीत दिसले; घरकामात हात घालणारे पुरुष मुळात थोडे, आणि जे घालतात ते ९७ मिनिटे देतात. त्यात चुलीचा धूर धरावा. घरातील धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपण ज्याला आईची माया म्हणतो, त्यात तिची फुप्फुसे आणि तिचे रक्त किती होते, ह्याचाही विचार स्मरणाच्या वेळी व्हावयास नको काय?

येथे कोणी म्हणेल की, हा त्याग होता आणि ख्रिस्ती माणसाने त्यागाचा गौरव करावा. अवश्य करावा. पण त्याग कशाला म्हणावे, हे प्रभूकडूनच शिकावे. आपला प्राण आपणापासून कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असे तो योहानाच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट सांगतो. जे स्वेच्छेने दिले ते दान. जे दुसरा उपाय नव्हता म्हणून गेले, त्याला त्याग हे नाव देणे घेणाऱ्याच्या सोयीचे असते. एकाच आईच्या एकाच दिवसात ही दोन्ही असू शकतात. पाहुण्याला पाहून तिने आनंदाने आपली भाकरी पुढे केली, हे दान. घरात चार धडधाकट माणसे बसलेली असता ती तापाने फणफणत पीठ मळीत राहिली, हे मात्र दान नव्हे. ते त्या चार माणसांवरचे देणे आहे. स्मरण करताना ही दोन्ही एका गोड शब्दात मिसळू नयेत.

उलट बाजूचीही एक चूक आहे. स्वयंपाकघर म्हणजे केवळ तुरुंग, तेथे जिने आयुष्य काढले तिचे आयुष्य वाया गेले, असे हल्ली काही शिकलेली माणसे बोलतात. मावशीसारख्या स्त्रीला हे बोलणे ऐकविले असते तर ती हसली असती. गवयाला गाण्यात जो आनंद, तो तिला फोडणीत होता. तिची ही आवड तिची स्वतःची होती आणि ती नाकारणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा न पाहणे होय. मावशीपुरते बोलावयाचे तर स्वयंपाकाची आवड तिची होती. त्या कामातील एकटेपणा मात्र घराने तिला दिलेला होता. पहिल्याबद्दल देवाचे उपकार मानावेत, दुसऱ्याबद्दल घराने विचार करावा.

बेथानीच्या घरात नेमके हेच घडले. मार्थेला प्रभूने जे सांगितले त्याचा अर्थ पुष्कळदा स्वयंपाकाची निंदा असा लावतात. प्रभूने स्वयंपाकाला दोष दिला नाही. पुष्कळ गोष्टींनी तिचे मन ओढले जात होते, तिकडे त्याने तिचे लक्ष वेधले, आणि आपल्या पायांशी बसून ऐकण्याची जागा स्त्रीचीही आहे, असे त्याने मरीयेच्या निमित्ताने ठरवून टाकले. मार्थेची तक्रार होती ती आपल्याला एकटीला टाकले आहे, ही. तिची गोष्ट तेथे संपतही नाही. भाऊ मेला असता त्याच मार्थेने येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे, असा स्वीकार केला (योहान ११:२७). पेत्राच्या स्वीकाराच्या तोडीचा तो आहे. त्यानंतरच्या अध्यायात ती पुन्हा वाढताना दिसते. वाढणारी आणि विश्वास बोलून दाखविणारी मार्था एकच. आपण मात्र तिला पळीसकट चित्रात काढतो आणि तिचा विश्वास विसरतो.

आपल्या आयांचेही असेच होते. आईला कोणते वचन प्रिय होते? कोणत्या गोष्टीची तिला शंका होती? शाळा सुटली नसती तर ती काय शिकली असती? कोणासाठी ती रात्री प्रार्थना करी? तीमथ्याला पत्र लिहिताना पौल त्याच्या आजीच्या व आईच्या, लोईस व युनीके ह्यांच्या, विश्वासाची आठवण देतो. रोमकरांस लिहिताना तो रूफसाच्या आईला सलाम सांगतो व ती आपलीही आई आहे असे म्हणतो. तिने पौलाला जेवू घातले असेलच; पण तो तिचे नाते सांगतो, पदार्थ सांगत नाही.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मातृदिन पाळतात. त्याची सुरुवात एका शब्बाथशाळेच्या शिक्षिकेच्या स्मरणातून झाली, हे थोड्यांस ठाऊक असेल. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात ॲन रीव्ह्‌ज जार्व्हिस ह्या बाईंनी मुलांचे मृत्यू कमी व्हावेत म्हणून आयांची मंडळे स्थापिली, स्वच्छतेचे शिक्षण दिले आणि यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. त्या १९०५ साली वारल्या. त्यांची मुलगी ॲना हिने १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट मंदिरात स्मरणाची उपासना करविली. १९१४ साली तो दिवस राष्ट्रीय ठरला. पुढे दुकानदारांनी त्याचा बाजार मांडला, तेव्हा हीच ॲना १९४८ साली मरेपर्यंत त्याविरुद्ध झगडली. विकत आणलेले कार्ड पाठवून आईचे ऋण फिटले असे मानणे तिला सहन होईना. फुलाच्या जागी आपण स्तुतीचे भाषण ठेवले तरी गोष्ट तीच.

मग करावे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. येत्या मातृदिनी मुलांना आईवर निबंध लिहावयास सांगण्याऐवजी आईला तीन प्रश्न विचारून यावयास सांगावे : तुला काय खायला आवडते? तुला काय शिकायचे होते? तुला कोणते वचन प्रिय आहे, आणि का? उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. दुसरे, वर्गाच्या सहलीत अगर हंगामाच्या उपकारस्तुतीच्या जेवणात चूल मुलग्यांकडे द्यावी आणि वाढपही त्यांनीच करावे. किनाऱ्यावरील प्रभूची न्याहारी त्याच दिवशी शिकवावी. तिसरे, महिला मंडळाने जुन्या बायकांच्या पाककृती लिहून घ्याव्यात, आणि प्रत्येक कृतीखाली तो पदार्थ कोणाकोणासाठी केला गेला हेही लिहावे. मंडळीचा इतिहास त्यातून निघेल. चौथी गोष्ट वडीलधाऱ्या पुरुषांसाठी आहे : घरातील सर्व जण, स्वयंपाक करणारीसह, एका वेळी पानावर बसतील अशी रीत घालावी. भाकरी गरम मिळणार नाही कदाचित. त्याने काही बिघडत नाही.

प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री आपले स्मरण कसे करावे हे शिष्यांस सांगितले, तेव्हा आपली स्तुती करा असे सांगितले नाही. भाकर मोडून ती वाटून घ्या, हे करीत राहा, असे सांगितले. ख्रिस्ती माणसाचे स्मरण हे करण्याचे असते. ज्या आईच्या पंक्तीला परके जेवून गेले, तिची पंक्ती आपण चालू ठेवावी, आणि ह्या वेळी वाढणारीसाठीही एक पान मांडावे. ज्यांची आई अद्याप आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिला प्रथम वाढावे, आणि काय आवडते ते विचारावे. ती कदाचित म्हणेल, "मला काहीही चालतं." तेवढ्यावर न थांबता पुन्हा विचारावे.